वेस फेरेलची बॅटिंग आणि लीगची सरासरी: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम काय: बेसबॉलमधल्या पिचरची (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची) कारकिर्दीतली बॅटिंग त्याच्या काळातल्या लीगच्या सरासरीशी ताडून बघायची, आणि त्यासाठी पुन्हा वापरता येईल अशी शीट बनवायची. पहिला नमुना वेस फेरेल. काळ १९२७ ते १९४१. क्लीव्हलँड, बोस्टन रेड सॉक्स, वॉशिंग्टन, यांकीज (हे चारही अमेरिकन लीगचे संघ) आणि शेवटी दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे नॅशनल लीगमध्ये, ब्रुकलिन व बोस्टनचा दुसरा संघ. पिचर म्हणून १९३ विजय, १२८ पराभव. बॅट हातात घेतल्यावर ११७६ ॲट-बॅट, ३२९ हिट, ५७ डबल, १२ ट्रिपल, ३८ होम रन, १२९ वॉक. ॲट-बॅट म्हणजे बॅटिंगची मोजली जाणारी पाळी, हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं; एका फटक्यात दोन बेस मिळाले तर डबल, तीन तर ट्रिपल, चारही तर होम रन. वॉक म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस.

हाच नमुना घेण्याचं कारण सरळ आहे. बहुतेक पिचरांच्या बाबतीत उत्तर आधीच ठाऊक असतं: लीगपेक्षा खूप खाली. शीटमध्ये चूक असली तरी उत्तर 'खूप खाली' असंच येतं आणि चूक झाकली जाते. फेरेल सरासरीच्या अगदी काठावर आहे, त्यामुळे पद्धतीतली बारीकशी गफलतही निष्कर्ष उलटा करते. शीट तपासायला असाच खेळाडू लागतो.

क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी: बेसबॉलची बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट, आणि ती तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. .२८० म्हणजे हजार ॲट-बॅटमध्ये २८० हिट. वॉक, सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढच्या बेसवर सरकवणं) आणि चेंडू अंगाला लागून मिळालेला बेस ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत.

८ जानेवारी

बेसबॉलच्या आकडेवारीच्या लाहमन डेटाबेसमधून बॅटिंग, अपिअरन्सेस (कोण कुठल्या जागी किती सामने खेळला) आणि पीपल (खेळाडूंची नावं आणि कोड) ही तीन कोष्टकं उतरवून घेतली. काम लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये.

खेळाडू शोधताना आडनावावर फिल्टर लावायचा नाही. वेसचा सख्खा भाऊ रिक त्याच काळात, त्याच लीगमध्ये कॅचर (बॅटरमागे उभा राहून चेंडू झेलणारा) होता, आणि बोस्टन व वॉशिंग्टनमध्ये दोघे एकाच संघात होते. आडनाव आणि संघ यांवर फिल्टर लावला तर दोघांच्या ओळी एकत्र येतात. खेळाडूचा कोड वापरायचा: आडनावाची पहिली पाच अक्षरं, नावाची पहिली दोन, मग दोन आकडी क्रमांक. दोघांच्या कोडमध्ये फरक पडतो तो फक्त मधल्या दोन अक्षरांत.

रिक हॉल ऑफ फेममध्ये आहे (१९८४). त्याचे होम रन २८, ॲट-बॅट ६०२८. पिचर भावाचे ३८, तेही ११७६ ॲट-बॅटमध्ये. म्हणजे वेसला दर ३१ ॲट-बॅटला एक, रिकला दर २१५ ला एक. या प्रकल्पाशी त्याचा थेट संबंध नाही, पण लिहून ठेवल्याशिवाय राहवत नाही.

रिकाम्या चौकटी: त्या काळातल्या ओळींत सॅक्रिफाइस फ्लायचा (झेल देऊन साथीदाराला पुढे सरकवण्याचा) रकाना रिकामा असतो. रिकामं म्हणजे 'नोंदच ठेवली नाही', आणि शून्य म्हणजे 'एकदाही घडलं नाही'. कॅल्क बेरजेत दोन्ही सारखंच धरतो, म्हणून बेरीज चालते. सरासरी काढणारं फंक्शन मात्र रिकाम्या चौकटी गाळतं आणि शून्य मोजतं. त्यामुळे ते फंक्शन या शीटमध्ये कुठेच वापरायचं नाही, असा नियम करून टाकला.

९ जानेवारी

हंगामातच संघ बदलला की डेटाबेसमध्ये त्या वर्षाच्या दोन ओळी येतात आणि 'स्टिंट' रकान्यात १, २ असं लिहिलेलं असतं. जून १९३७ मध्ये दोघे फेरेल भाऊ बोस्टनहून वॉशिंग्टनला गेले. वेसच्या त्या वर्षीच्या ओळी:

बोस्टन: ३३ ॲट-बॅट, १२ हिट, .३६४
वॉशिंग्टन: १०६ ॲट-बॅट, २७ हिट, .२५५

दोन सरासऱ्यांची सरासरी काढली तर .३०९ येते. खरी सरासरी ३९ भागिले १३९, म्हणजे .२८१. आधी बेरीज, भागाकार शेवटी. हे शाळेतलं गणित आहे, पण पिव्हट टेबलमध्ये 'सरासरी' हा पर्याय एका क्लिकवर असतो आणि तो नेमकं चुकीचं काम करतो.

संपूर्ण कारकिर्दीला हीच चूक लावून बघितली. १९२८ ते १९४१ या चौदा हंगामांच्या सरासऱ्यांची साधी सरासरी .२५९ येते, प्रत्यक्ष कारकीर्द .२८०. १९४० मधले २ ॲट-बॅट आणि १९३५ मधले १५० ॲट-बॅट एकाच तराजूत बसले की असं होणारच. १९२७ साली तो एकच सामना खेळला, ॲट-बॅट शून्य. ती ओळ भागाकारात शून्याने भाग गेल्याची चूक दाखवते आणि खालची सगळी बेरीज बिघडवते. ती ओळ गाळली.

१३ जानेवारी

मुख्य कोष्टक. पद्धत: प्रत्येक हंगामाचे ॲट-बॅट गुणिले त्या वर्षाची लीगची सरासरी म्हणजे 'अपेक्षित हिट'. १९३९ पर्यंत अमेरिकन लीग, १९४० आणि १९४१ ला नॅशनल लीग. लीगच्या सरासरीत इथे सगळे बॅटर आहेत, पिचरसुद्धा.

हंगाम | ॲट-बॅट | हिट | लीग | अपेक्षित हिट
१९२८ | ४ | १ | .२८१ | १.१
१९२९ | ९३ | २२ | .२८४ | २६.४
१९३० | ११८ | ३५ | .२८८ | ३४.०
१९३१ | ११६ | ३७ | .२७८ | ३२.२
१९३२ | १२८ | ३१ | .२७७ | ३५.५
१९३३ | १४० | ३८ | .२७३ | ३८.२
१९३४ | ७८ | २२ | .२७९ | २१.८
१९३५ | १५० | ५२ | .२८० | ४२.०
१९३६ | १३५ | ३६ | .२८९ | ३९.०
१९३७ | १३९ | ३९ | .२८१ | ३९.१
१९३८ | ६१ | १३ | .२८१ | १७.१
१९३९ | ८ | १ | .२७९ | २.२
१९४० | २ | ० | .२६४ | ०.५
१९४१ | ४ | २ | .२५८ | १.०

अपेक्षित हिटची बेरीज ३३०.२ (दशांश न तोडता, समप्रॉडक्ट फंक्शनने). प्रत्यक्ष ३२९. लीगची भारित (ॲट-बॅटच्या प्रमाणात वजन दिलेली) सरासरी .२८१, फेरेलची .२८०. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत सव्वा हिटचा फरक!

आता हेच भार न देता: चौदा वर्षांच्या लीग सरासऱ्यांची साधी सरासरी .२७८ येते, आणि फेरेल लीगच्या दोन अंशांनी (.००२) वर दिसतो. कारण नॅशनल लीगची शेवटची दोन वर्षं (.२६४ आणि .२५८) पूर्ण वजनाने आत शिरतात, तिथे त्याचे ॲट-बॅट मात्र फक्त सहा. आकडे तेच, पण भार द्यायचा राहिला तर 'सरासरीच्या किंचित खाली'चं 'सरासरीच्या किंचित वर' होतं.

लीगच्या सरासऱ्या तीन स्थळांपर्यंतच घेतल्यात, त्यामुळे प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त .०००५ ची गफलत शक्य आहे. सगळ्या गफलती एकाच बाजूला गेल्या तरी एकूण ०.६ हिट. म्हणजे 'किंचित खाली' तरीही टिकतं. पण त्यात फार अर्थ शोधू नये: ११७६ ॲट-बॅट आणि .२८१ ची शक्यता धरली तर नुसत्या नशिबाने होणारं प्रमाण विचलन १५ हिटच्या वर जातं. सव्वा हिट त्यापुढे काहीच नाही. फेरेल बरोबर लीगच्या सरासरीवर आहे, एवढंच म्हणता येतं, आणि पिचरबद्दल एवढं म्हणता येणं हीच मोठी गोष्ट आहे.

१४ जानेवारी

नियमातले बदल. १९२६ ते १९३० या काळात उंच मारलेला चेंडू (फ्लाय) पकडला गेला आणि कुठलाही रनर (बेसवरचा साथीदार) पुढच्या बेसवर सरकला, तर बॅटरला सॅक्रिफाइस मिळे आणि ॲट-बॅट लागत नसे. १९३१ पासून ते बंद झालं. १९३९ चा एक अपवाद सोडला तर १९५४ पर्यंत सॅक्रिफाइस फ्लाय नव्हताच. म्हणून फेरेलची १९३० ची .२९७ आणि १९३१ ची .३१९ एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये. १९३० चे ॲट-बॅट सवलतीने मोजलेले आहेत.

प्रत्येक हंगाम त्याच वर्षाच्या लीगशी ताडला की ही अडचण जवळपास मिटते, कारण सवलत सगळ्यांनाच होती. अमेरिकन लीग १९३० मध्ये .२८८ वर होती, १९३१ मध्ये .२७८ वर आली. या घसरणीत नियमाचाही वाटा आहे. वर्षनिहाय तुलना सोडायची नाही, त्यामागे हे एक कारण.

टप्पा पडून कुंपणापलीकडे गेलेला चेंडू पूर्वी होम रन धरत. अमेरिकन लीगने ते १९३० च्या हंगामापासून थांबवलं. फेरेलचे १९३१ मधले ९ होम रन (पिचरसाठी एका हंगामातला विक्रम) त्या शंकेतून मोकळे आहेत.

२० जानेवारी

नुसत्या हिटवर थांबून चालणार नाही. फेरेलचं वेगळेपण ताकदीत आहे. सिंगल २२२, डबल ५७, ट्रिपल १२, होम रन ३८, म्हणजे एकूण बेस ५२४. स्लगिंग (एकूण बेस भागिले ॲट-बॅट) .४४६. वॉक धरून ऑन-बेस (किती वेळा बेसवर पोचला त्याचं प्रमाण) .३५१.

इथे भार वेगवेगळा द्यावा लागतो. ॲव्हरेज आणि स्लगिंगला ॲट-बॅटचा भार, ऑन-बेसला ॲट-बॅट अधिक वॉकचा. एकच भार सगळीकडे ओढला तर फरक छोटा पडतो, पण तो पडतो.

भारित लीग: ऑन-बेस सुमारे .३५०, स्लगिंग सुमारे .४०६. अपेक्षित एकूण बेस सुमारे ४७८, म्हणजे फेरेलचे ४६ जास्त. याचं प्रमाण विचलन हिटपेक्षा मोठं असतं, कारण एक होम रन चार बेस आणतो. हिशेबाने ते २७ ते ३० बेसच्या दरम्यान येतं. ४६ म्हणजे साधारण दीडपट. ताकद लीगपेक्षा जास्त होती असं म्हणायला हरकत नाही, छातीठोकपणे मात्र नको.

ऑन-बेस आणि स्लगिंगचा एकत्र निर्देशांक काढायचं सूत्र: खेळाडूचं ऑन-बेस भागिले लीगचं, अधिक खेळाडूचं स्लगिंग भागिले लीगचं, वजा एक, गुणिले शंभर. १०० म्हणजे सरासरी.

१९३१: .३७३ आणि .६२१, लीग .३४४ आणि .३९६. उत्तर १६५.
१९३३: .३६३ आणि .४७१, लीग .३४२ आणि .३९०. उत्तर १२७.
१९३५: .४२७ आणि .५३३, लीग .३५१ आणि .४०२. उत्तर १५४.
कारकीर्द: सुमारे ११०.

बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर कारकिर्दीचा छापील निर्देशांक १०० आहे. दहा अंशांचा फरक. शीट पुन्हा तपासली, बेरजा जुळतात. म्हणजे फरक व्याख्येत आहे: तिथे लीगच्या सरासरीतून पिचरांची बॅटिंग काढून टाकलेली असते आणि मैदानाचा हिशेबही धरलेला असतो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

२३ जानेवारी

पिचर वगळल्याचा परिणाम. प्रत्यक्ष मोजणीआधी कागदावर अंदाज, म्हणजे शीटचं उत्तर भलतंच आलं तर लगेच कळेल. समजा लीगच्या १०० ॲट-बॅटपैकी ८ पिचरांचे, आणि त्यांची सरासरी .२००. मग उरलेल्यांची सरासरी: .२८१ मधून ०.०८ गुणिले .२०० वजा, भागिले ०.९२. उत्तर .२८८. पिचरांचा वाटा ७ टक्के धरला तर .२८७, १० टक्के धरला तर .२९०. म्हणजे सहा ते नऊ अंशांची (.००६ ते .००९) उडी, आणि ती वाट्याच्या नेमक्या आकड्यावर फारशी अवलंबून नाही.

.२८८ ने फेरेलच्या ११७६ ॲट-बॅटमध्ये ३३९ हिट अपेक्षित. तो दहा हिटने मागे. हेही एका प्रमाण विचलनाच्या आत. पिचरांच्या .२०० शी ताडलं तर अपेक्षित २३५. तो ९४ ने पुढे, जवळपास सात प्रमाण विचलनं.

एकच माणूस, तीन उत्तरं: सगळ्या लीगशी बरोबरी, नियमित बॅटरांच्या किंचित मागे, पिचरांच्या कितीतरी पुढे. यातलं कुठलंही खोटं नाही. मात्र 'लीगची सरासरी' एवढंच लिहून आकडा दिला तर वाचणारा आपल्याला हवं ते समजून घेतो. शीटमध्ये तीन वेगळे रकाने ठेवले आणि नावं दिली: 'सगळे', 'पिचर सोडून', 'फक्त पिचर'. नाव नसलेला रकाना बाहेर द्यायचा नाही.

२७ जानेवारी

'पिचर' कोणाला म्हणायचं? लाहमनमधली बॅटिंगची ओळ पोझिशननुसार फोडलेली नसते. पिचर म्हणून, पिंच-हिटर (ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी येणारा बॅटर) म्हणून, आउटफील्डर (मैदानाच्या लांबच्या भागातला क्षेत्ररक्षक) म्हणून केलेली बॅटिंग एकाच ओळीत असते. चालू पद्धत अशी की अपिअरन्सेसमधून पिचर म्हणून खेळलेले सामने एकूण सामन्यांच्या निम्म्याहून जास्त असतील तर तो पिचर.

फेरेलवर ही चाळणी फाटते. १९३३ मध्ये एकूण ६१ सामने, त्यातले पिचर म्हणून २८. त्या वर्षी क्लीव्हलँडने त्याला १३ सामन्यांत आउटफील्डमध्येही उभं केलं. ४६ टक्के. चाळणी त्याला पिचरांच्या गटातून बाहेर काढते आणि १४० ॲट-बॅट, ७ होम रन गायब होतात. १९३७ मध्ये संघनिहाय चाळणी लावली तर बोस्टनमध्ये १८ पैकी १२ म्हणून पिचर, वॉशिंग्टनमध्ये ५३ पैकी २५ म्हणून पिचर नाही. वर्षाची बेरीज केली तर ७१ पैकी ३७, पुन्हा पिचर.

उलट बाजूने बेब रूथ, पिचर म्हणून सुरुवात करून बॅटर झालेला. १९१८ मध्ये ९५ पैकी २० सामने पिचर म्हणून, १९१९ मध्ये १३० पैकी १७. इथे चाळणीचं उत्तर बरोबर येतं: त्या दोन वर्षांची त्याची बॅटिंग पिचरांच्या सरासरीत घातली तर ती सरासरीच फुगते.

ठरवलं ते असं. लीगच्या 'फक्त पिचर' रकान्यासाठी निम्म्याचीच चाळणी, पण वर्षाची बेरीज करून. संपूर्ण लीगमध्ये एकदोन माणसं इकडची तिकडे गेल्याने काही बिघडत नाही. ज्याचा अभ्यास चालू आहे त्या खेळाडूला मात्र चाळणी लावायची नाही, त्याची सगळी कारकीर्द घ्यायची.

पिंच-हिटिंग वेगळं काढायचं असेल तर रेट्रोशीट या संग्रहातले बॉक्स स्कोअर (सामन्यांचे धावफलक) एकेक करून बघावे लागतात. फेरेलचे एकूण सामने ५४८, पिचर म्हणून ३७४, म्हणजे हा भाग लहान नाही. होम रनपुरतं उत्तर तयार आहे: ३८ पैकी ३७ पिचर म्हणून, एक पिंच-हिटर म्हणून. तो एक जुलै १९३५ मधला, संघातल्या लेफ्टी ग्रोव्ह या पिचरच्या जागी बॅटिंगला येऊन सामना जिंकून देणारा. दुसऱ्याच दिवशी स्वतः पिचिंग करत असताना त्याने पुन्हा होम रनवर सामना संपवला. वेगवेगळ्या यादीत ३७ आणि ३८ असे दोन आकडे दिसतात ते यामुळे.

३ फेब्रुवारी

मैदान. फेरेल उजव्या हाताचा बॅटर, त्यामुळे डावीकडचं कुंपण महत्त्वाचं. क्लीव्हलँडच्या लीग पार्कमध्ये उजवीकडचं कुंपण २९० फुटांवर, त्यावर ४० फुटी भिंत-जाळी. त्याचा फायदा डावखुऱ्यांना. डावीकडे ३७५ फूट. जुलै १९३२ च्या अखेरीपासून १९३३ संपेपर्यंत संघ प्रचंड मोठ्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये खेळला. १९३४ पासून बोस्टनचं फेनवे, नूतनीकरणानंतर डावीकडे ३७ फुटी भिंत. वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये डावं कुंपण सुमारे ४०० फुटांवर.

मैदानाचा छापील गुणांक (ते मैदान बॅटिंगला किती सोपं, त्याचा आकडा) संपूर्ण संघाचा असतो, डाव्या-उजव्या बॅटरांचा वेगळा नसतो. लीग पार्कसारख्या एकांगी मैदानात तोच गुणांक उजव्या हाताच्या बॅटरला लावला तर त्याच्यावर अन्याय होण्याची शक्यता जास्त. म्हणून ११० आणि १०० यांच्यातल्या दहा अंशांपैकी पिचर वगळल्याचा भाग पक्का समजायचा, मैदानाचा भाग सावधपणे. गुणांक लावताना निम्माच लावायचा, कारण निम्मे सामने बाहेरगावी असतात. काही याद्यांत तो आधीच निम्मा करून दिलेला असतो. लावण्यापूर्वी यादीची व्याख्या वाचायची, नाहीतर दोनदा निम्मा होतो.

१० फेब्रुवारी

शीट दुसऱ्या काळावर चालवली. डॉजर्स संघाचा पिचर डॉन ड्रिसडेल, १९६५: १३० ॲट-बॅट, ३९ हिट, .३००, ७ होम रन. नॅशनल लीग .२४९, अपेक्षित ३२.४ हिट. त्या वर्षी डॉजर्सची सांघिक सरासरी .२४५ आणि संपूर्ण संघाचे होम रन ७८. पण कारकीर्द ११६९ ॲट-बॅट, २१८ हिट, .१८६, २९ होम रन. ॲट-बॅट फेरेलइतकेच, हिट १११ ने कमी. एका हंगामावरून पिचरच्या बॅटिंगबद्दल बोलू नये, हे या दोन ओळींत दिसतं. आणखी दोन पिचर, रेड रफिंग (१९३७ ॲट-बॅट, ५२१ हिट, .२६९, ३६ होम रन) आणि वॉरन स्पान (१८७२ ॲट-बॅट, ३६३ हिट, .१९४, ३५ होम रन) यांच्या ओळीही घातल्या. होम रन जवळपास सारखे, बाकी बॅटिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. होम रनच्या यादीवरून क्रम लावणाऱ्यांनी हे बघावं.

१२ फेब्रुवारी

१९७३ नंतरच्या खेळाडूंसाठी शीटमध्ये अडसर घातला. त्या वर्षी अमेरिकन लीगने डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) आणला. तिथले पिचर बॅटिंगच करत नाहीत, म्हणून त्या लीगची 'सगळे' सरासरी आपोआप 'पिचर सोडून' होते. नॅशनल लीगमध्ये मात्र पिचर बॅटिंग करत राहिले. दोन्ही लीगची मिळून सरासरी घेतली तर अर्धी एका व्याख्येची, अर्धी दुसऱ्या. त्यामुळे १९७३ ते २०२१ साठी फक्त नॅशनल लीग. १९९७ पासून आंतरलीग सामने सुरू झाल्याने अमेरिकन लीगच्या पिचरांचेही मोजके ॲट-बॅट येतात. ते 'फक्त पिचर' रकान्यात चालतील. २०२० मध्ये दोन्ही लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर होता, ते वर्ष गाळायचं.

२०२१ हा पिचरांच्या नेहमीच्या बॅटिंगचा शेवटचा हंगाम, सरासरी .११०. २०२२ पासून 'फक्त पिचर' रकान्यात भाजकच उरत नाही, म्हणून शीट तिथे आकड्याऐवजी रिकामी चौकट दाखवते. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीची २०२२ पासूनची बॅटिंग डेझिग्नेटेड हिटर म्हणून नोंदलेली असल्याने त्याच्यासाठी फक्त 'सगळे' हा रकाना चालू ठेवला आहे.